वेणूची नवमी

“वेणू असली मरायची नाही,” मी म्हटलं.

दिगू वाचायचा थांबला. कागद गुडघ्यावर ठेवून त्यानं चष्मा कपाळावर चढवला. टपाल कचेरीत कुणी तिकीट न लावता पाकीट पुढं केलं की तो असाच बघत असणार.

“मोठ्याई, ही वेणू नाही. सुमन आहे. कादंबरीतली बाई आहे.”

“नाव बदललंस म्हणून मी ओळखणार नाही होय? डाव्या हातानं वाढते, आमटीत गूळ जास्त घालते, हसताना तोंडाला पदर लावते. दुसरी कोण आहे ती? आणि ही बाई रागाच्या भरात पुरात उडी घेते? अरे, रंगाच्या हौदात पाय घालायचा म्हटलं तरी ‘गार आहे का हो जाऊबाई’ म्हणून दहादा विचारायची ती.”

“कादंबरीला काहीतरी शेवट लागतो.”

“मग तुझ्या बापाला बुडव. सुरतेला बसून खमण खातोय. त्याला बरा कधी पूर येत नाही.”

दिगू हसला नाही. मी हसले. माझ्या बोलण्याला मीच हसते, दुसऱ्याची वाट बघत नाही.

वेणू माझी धाकटी जाऊ, दिगूची आई. दिगू नुकता चालायला लागला होता तेव्हा ती गेली. वर्षश्राद्ध होतं न होतं तोच माझा दीर सुरतेला गेला, तिथं त्यानं दुसरं घर मांडलं, आणि पोरगं माझ्याकडं राहिलं. माझ्या दोन मुली होत्याच, हा तिसरा. मी त्याला आई म्हणायला शिकवलं नाही. मोठी आई आहे, मोठ्याई म्हण, एवढंच शिकवलं. त्याला नोकरी लागली, नलिनी सून म्हणून घरात आली, माझ्या मुली सासरी गेल्या, हे गेले, नेवाशातलं आमचं लुगडी रंगवायचं काम गिरणीच्या कापडानं बसलं. आणि चाळिशीला टेकल्यावर या बाबाला आईवर कादंबरी लिहायचं सुचलं.

हौद कोरडे पडले होते, तरी रंगाची खोली आम्ही मोडली नव्हती. उन्हाळ्यात घरात तेवढी एकच जागा गार. वर झरोका, त्याला नलिनीनं जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. त्यातून ऊन यायचं ते तांबूस होऊन यायचं, आणि फरशीवरच्या जुन्या डागांवर हलत राहायचं. रविवारी जेवणं झाली की मी तिथं चटई टाकून आडवी व्हायची आणि दिगू हौदाच्या कठड्यावर बसून वाचायचा. वाचून दाखवलं की जिथं जीभ अडखळते तिथलं वाक्य वाईट, असं त्याचं म्हणणं. दुसरी कसोटी मी.

“तू घोरायला लागलीस की मी तिथं खूण करतो,” तो म्हणाला होता. “ते पान पुन्हा लिहायचं.”

“मला झोप येते ती जेवणामुळं. तुझ्या कादंबरीला कशाला मोठेपणा देतोस?”

तर त्या दिवशी मी घोरले नव्हते. उठून बसले होते.

“मग तूच सांग कशी मेली,” दिगू म्हणाला.

“तापानं. ठाऊक आहे की तुला.”

“ताप आला ठाऊक आहे. गेली ठाऊक आहे. मधलं सांग.”

“मधलं काय असतं तापात?”

“बघ. तिचं सगळं सांगतेस. काय खायची, कशी भांडायची, कुठल्या गाण्यावर रडायची. तेवढे दिवस आले की तुझं तोंड मिटतं. म्हणून मला पूर आणावा लागतो.”

“मग नको आणूस. जगव तिला.”

रागात बोलले मी. पण दिगू माझ्याकडं बघतच राहिला. झरोक्यातलं ऊन त्याच्या अर्ध्या तोंडावर होतं.

“जगवू?”

“तुझ्याच हातात आहे ना सगळं? ती शेवटची पानं फाड. झालं.”

“तसं नसतं, मोठ्याई. ती जगली तर पुढचं सगळंच बदललं. मागचंही बदललं. पहिल्या पानापासून ती मरणारी बाई म्हणून चालते, बोलते. ते सगळं उपसून काढायला लागेल.”

हे मला कळलं. निळ्या लुगड्यावर तांबडा रंग चढवला म्हणून ते तांबडं होत नाही. आधीचा रंग उतरवावा लागतो, आणि उतरवता उतरवता कापड विरतं. पण मी ते बोलले नाही. म्हटलं, “घरात बसून दुसरं काय करतोस? उपस.”

त्यानं उपसलं. पावसाळा लागला तशी दिगूची पहाट लांबत गेली. कचेरीत जायच्या आधी हौदाच्या कठड्यावर कागद पसरून बसायचा. लिहायचा थोडं, खोडायचा फार. नलिनी चहा घेऊन जायची आणि तसाच गार झालेला परत आणायची.

“आज एकच वाक्य झालं म्हणे,” ती मला सांगायची. “तेही कालचंच.”

“तुझा स्वयंपाक तरी रोज नवा असतो का गं?”

“मोठ्याई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?”

“माझ्या.”

आणि वेणू जगली. नव्या खर्ड्यात ताप आला आणि उतरला. पहिल्यांदा ती भिंतीला धरून अंगणात आली ते दिगूनं वाचलं, तेव्हा बाहेर झड लागली होती. मी डोळे मिटून पडले होते. मला ती आलेली दिसली. केस गळलेले, डोक्याला रुमाल, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढलेल्या. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, भूक लागली. दिगू वाचत होता की मी स्वप्नात होते, ते आता सांगता यायचं नाही. त्या महिन्यांत दोन्ही एकच झालं होतं.

दर रविवारी ती मोठी होत गेली. तिचं वजन वाढलं. तिला चष्मा लागला. तिच्या केसांत एका बाजूनं चांदी आली. दिगू शाळेतून मार खाऊन आला तर मास्तरांच्या घरी जाऊन तिनं त्यांचे वाभाडे काढले. त्याला कांजिण्या आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला अंथरून पाठ चोळत बसली आणि वरून शिव्या घालत होती, खाजवशील तर हात बांधीन मेल्या. मी पडल्या पडल्या हसायची. मनात म्हणायची, वेणूला वयानं बरीच धार आली की. पूर्वी तर मांजरालाही अहोजाहो करायची.

आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. भाजी निवडताना मध्येच म्हणायची, “या खेपेला ती तुळजापूरला जाणार होती. गेली असेल.”

“कोण?” नलिनी विचारायची.

“तू तुझं काम कर.”

कैरीच्या फोडी केल्या की थोड्या मीठ लावून वाटीत बाजूला ठेवायची. वेणूला आवडायच्या. संध्याकाळी मीच त्या खायची, पण ठेवायची मात्र. घरात कुणीतरी परगावाहून आलंय आणि शेजारच्या खोलीत जरा पडलंय, असं मला त्या पावसाळ्यात सारखं वाटायचं. चालताना मी पाय हळू टाकायची.

एक मात्र खटकत होतं. पहिल्या खर्ड्यात थोरली जाऊ होती. तिला त्यानं आक्का नाव दिलं होतं. पानोपानी असायची. तोंडानं फटकळ, हातानं उरक असलेली. त्याला वाटलं होतं मी ओळखणार नाही. आता वेणू बरी झाली तशी आक्का हळूहळू मागं गेली. एका प्रकरणात नुसतं हळदीकुंकू देऊन गेली. पुढच्यात तिचा फक्त आवाज आला. मग एका रविवारी वाचलं त्यानं, “थोरली जाऊ धान्याची पाटी उचलून आत गेली.” ती गेली ती गेलीच. मी पुढचे रविवार कान देऊन ऐकलं. नाही आली.

शेवटी विचारलं. “ती आत गेलेली कुठं आहे रे?”

“कोण?”

“पाटी घेऊन गेलेली.”

दिगूला कळायला वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कानच आधी खरं बोलतात.

“तिचं काम राहिलं नाही, मोठ्याई. आई असल्यावर मुलाला…” आणि त्यानं कागद उगाच सारखे केले.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “रिकामी बाई घरात कशाला हवी? खाणारं तोंड. वाच पुढं.”

तो वाचत राहिला. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून झोपले आणि मुद्दाम घोरले. त्यानं कुठं खूण केली असेल ती करो.

मग भाद्रपद आला. पितृपंधरवड्यातली नवमी आमच्याकडं वेणूची असते. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ती तिथी, अविधवा नवमी. सुरतेचा नवरा असला तरी नवरा जिवंतच. दरवर्षी मी तिच्या नावानं गल्लीतल्या मालन महिंद्रकरला जेवायला सांगते. पुरणाचं जेवण, हिरवा खण, बांगड्या, ओटी. मालन जेवते ती वेणूच जेवली असं धरायचं. एक वर्षही मी चुकवलं नव्हतं, अगदी हे गेले त्या वर्षीसुद्धा माझ्या थोरल्या लेकीला माहेरी आणून करून घेतलं होतं.

आदल्या दिवशी डाळ निवडायला घेतली आणि हात थांबला. परवाच्या रविवारी वेणू लोणच्याची बरणी उन्हात ठेवत होती. बरणीला फडकं बांधताना तिनं दिगूच्या बायकोला, म्हणजे त्या कादंबरीतल्या सुनेला, काहीतरी खोचक ऐकवलं होतं. आणि तिच्याच नावानं मी सवाष्ण जेवू घालायची? जित्या बाईच्या नावानं? डाळ डब्यात परत ओतली. मालनला निरोप पाठवला, येऊ नकोस.

नवमीच्या दिवशी मी पिठलं केलं.

नलिनी बाजारातून बांगड्या आणि खण घेऊन आली. तव्यावर भाकरी बघून दारातच उभी राहिली.

“मोठ्याई, आज नवमी ना?”

“हो.”

“मग पुरण?”

“कुणासाठी?”

“असं काय करता? सासूबाईंसाठी.”

“अशुभ बोलू नकोस,” मी म्हटलं. “चांगली हिंडतीफिरती बाई.”

पिशवी खाली ठेवून नलिनी सरळ टपाल कचेरीत गेली. माझ्यापाशी नेहमी उलट बोलणारी पोरगी गप्प राहून गेली, तेव्हा मला भाकरीचा करपट वास आला. भाकरी उलटायची राहिली होती.

दिगू घाईघाईनं आला, मागून नलिनी. टोपी हातात, कपाळावर घाम. चुलीपुढं येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला.

“मोठ्याई. ती कादंबरी आहे.”

“मला अक्कल शिकवतोस? ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग काय? ठाऊक असलं तरी हात उठेना. तू तिला इतकी जिवंत करून ठेवलीस.”

दिगूनं डोळे पुसले. घाम असेल म्हणून मी दुसरीकडं बघितलं.

“ती जिवंत नाही गं झाली,” तो म्हणाला. “मला महिनाभर कळतंय, तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. पहिल्या खर्ड्यात ती होती. थोडीच होती, पण होती. आता ती कुठंच नाही. मास्तरांच्या घरी जाऊन भांडली ती कोण? कांजिण्यांत पाठ चोळली ती? हात बांधीन मेल्या म्हणाली ती?”

मी भाकरी खाली उतरवली.

“मला म्हातारी आई एकच ठाऊक आहे,” दिगू म्हणाला. “लिहायला बसलो की तीच येते. आक्काला मी बाहेर काढलं नाही, मोठ्याई. आक्काला वेणूचं लुगडं नेसवलं आणि वेणूला हाकलून दिलं.”

चूल धुमसत होती. फुंकणी नलिनीनंच उचलली, तीच वाकली. मी बसून राहिले. एवढे महिने मी ज्या बाईची वाट बघत होते, कैऱ्या ठेवत होते, ती मीच. आणि वेणू बिचारी बाहेर कुठं होती? कागदावरही नाही, आणि आज जेवणाच्या पानावरही नाही. वर्षातून एक घास तिचा, तोही मी डब्यात परत ओतला.

“नलिनी, डाळ शिजत घाल,” मी म्हटलं. “आणि मालनला बोलाव. रुसली असेल. म्हणावं, मोठ्याईचं डोकं फिरलं होतं, आता जागेवर आलं. माझ्या नावावर खपव काहीही.”

“मी जातो,” दिगू उठला.

“तू बस.”

तो बसला.

“तुला मधलं पाहिजे होतं ना? ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहील ते राहीलच.”

मी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

“वेणूला कळलं होतं. डॉक्टर काही बोलले नव्हते, आम्ही बोललो नव्हतो, तरी तिला कळलं होतं. तू सारखा तिच्या खाटेकडं धावायचास. नवीन पाय फुटलेले, पडत झडत जायचास आणि खाटेची चौकट धरून उभा राहायचास. हात वर करायचास, घे म्हणून. एक दिवस तिनं घेतलं नाही. भिंतीकडं तोंड फिरवलं. तू रडलास. घर डोक्यावर घेतलंस. ती वळली नाही. मला इतका राग आला, म्हटलं दगड आहेस का गं? तर भिंतीकडंच बघत म्हणाली, जाऊबाई, त्याची सवय मोडू द्या.”

दिगूचा हात चुलीच्या काठावर होता. पोळत असेल, पण त्यानं काढला नाही.

“तू माझ्याकडं येईनास. मी दूध दिलं तर थुंकलास. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि अंगावरची साडी सोडायला लावली. म्हणाली, ही तुम्ही नेसा. तशीच नेसा, धुऊ नका. तुला ठाऊक आहे, मी कुणाची नेसलेली साडी नेसत नाही. सख्ख्या बहिणीची नेसले नाही कधी. तापाच्या घामाची ती साडी मी नेसले. आणि तुला उचललं. तू माझ्या खांद्यात नाक खुपसलंस, हुंगलंस, आणि गप्प झालास. मला कोण समजलास ते तुझं तुला.”

नलिनी डाळीचं पातेलं हातात धरून उभी होती. चुलीवर ठेवायचं विसरली होती.

“चार-पाच दिवस मी तीच नेसले,” मी म्हटलं. “मग ती म्हणाली, आता मधूनमधून तुमची नेसत जा. तसं केलं. तुला फरक कळेना झाला. मग ती गेली. एवढंच आहे मधलं. तुला सांगितलं नाही, कारण आई तोंड फिरवून गेली हे पोरानं काय म्हणून ऐकायचं?”

बाहेर कुणाच्या तरी पत्र्यावर कावळे नाचत होते. पंधरवडाच त्यांचा.

मग दिगूनं विचारलं, “तू मला उचलून बाहेर नेलंस, तेव्हा तिनं वळून बघितलं?”

“मला काय ठाऊक? माझी पाठ होती तिच्याकडं. तुला घेऊन मी अंगणात आले होते.” मी भांडं जोरात आपटलं. “ते तू लिही.”

त्या दिवशी मालन उशिरा जेवली आणि पुरण कच्चट राहिलंय म्हणून बोलूनही गेली. मी ऐकून घेतलं.

पूर गेला. म्हातारी वेणू गेली, मास्तरांच्या भांडणासकट. कांजिण्या आक्काकडं परत आल्या. त्यावर दिगूला फार दिवस लागले नाहीत. दिवस लागले ते त्या एका पानाला. किती तरी रविवार तो तेवढंच वाचायचा. एकदा त्यानं तिला वळवली आणि ढसाढसा रडवली. मी म्हटलं, एवढं रडायचं त्राण होतं कुठं तिच्यात? पुढच्या खेपेला ती वळली नाही आणि त्याखाली त्यानं आईच्या काळजाबद्दल बरंच काही लिहिलं. मी घोरले. मग त्यानं ते पान वाचणं बंद केलं, आणि मीही विचारलं नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा नलिनीला मी तेवढंच पान काढायला सांगितलं. तिनं रंगाच्या खोलीत बसून वाचलं. थोरली जाऊ मूल खांद्यावर घेऊन अंगणात जाते. मुलाचं रडणं लांब जातं, मग थांबतं. आजारी बाई वळत नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेली राहते. फक्त तिचा डावा हात मागं येतो, खाटेच्या चौकटीवर चाचपतो, मूल जिथं धरून उभं होतं तिथं, आणि तिथली ओल बोटांना लागल्यावर तसाच राहतो.

नलिनी थांबली. माझ्याकडं बघायला लागली.

“बघतेस काय?” मी म्हटलं. “पुढं वाच.”